ना आडवा, ना उभा

फोटोची चौकट आयताऐवजी चौरस असली की तिच्यात असं काय वेगळं असतं, हा इथला प्रश्न. सुरुवात कॅमेऱ्यापासून करू. कमरेपाशी धरायच्या कॅमेऱ्याला डोळा लावायचा नसतो. वरचं झाकण उचललं की पातळ पत्र्याच्या चार भिंती उभ्या राहतात, छोटीशी विहीरच तयार होते, आणि तिच्या तळाशी दुधी काचेवर समोरचं जग उमटलेलं दिसतं. ओंजळीतल्या पाण्यात बघावं तसं मान खाली घालून बघायचं. वर-खाली बरोबर असतं, डावं-उजवं मात्र उलटं. रस्त्यावरून उजवीकडे चाललेला माणूस काचेवर डावीकडे निघतो. नवखा फोटोग्राफर त्याच्यामागे कॅमेरा नेमका उलट्या बाजूला वळवतो आणि माणूस चौकटीबाहेर जातो. क्षितिज कललेलं दिसतं म्हणून सरळ करायला जावं, तर ते आणखी कलतं. दोन-तीन रोल संपेपर्यंत हा गोंधळ चालतो, मग हात आपोआप शिकतात.

आता हाच कॅमेरा उभ्या फोटोसाठी आडवा धरून पाहा. विहिरीचं तोंड बाजूला येतं, म्हणजे बघणाऱ्याला विषयाकडे खांदा करून उभं राहावं लागतं, आणि काचेवरचं चित्र चक्क डोक्यावर उभं राहिलेलं दिसतं. असा फोटो काढता येतो, पण रोज कोणी काढणार नाही. मग उपाय एकच: चौकट चौरस करायची, म्हणजे कॅमेरा फिरवायची गरजच पडत नाही. १९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून दोन लेन्सचा रोलायफ्लेक्स कॅमेरा बाहेर पडला, तो या हिशेबानं. या कॅमेऱ्यांतला चौरस असा मानेच्या आणि मनगटाच्या सोयीसाठी आला. समतोल, शांती, ध्यान ही विशेषणं त्याला पुढे चिकटली.

सुरुवातीला तर तो शेवटचं चित्र म्हणून आलाच नव्हता. छपाईचा कागद आयताकृती, मासिकाचं पान उभं, वर्तमानपत्राचे रकाने उभे. फोटोग्राफर चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडून फोटो काढायचा, आणि उभा हवा की आडवा हे नंतर डार्करूममध्ये किंवा संपादकाच्या टेबलावर ठरायचं. बातमीच्या धावपळीत ही सोय मोलाची होती. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हाती रोलायफ्लेक्स होता, तो त्याच काळात. पूर्ण चौरस जसाच्या तसा ठेवायचा, एक कडासुद्धा कापायची नाही, हा आग्रह नंतरचा. अमेरिकेत फोटोग्राफर डायान आर्बस १९६२च्या सुमाराला छोट्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याकडून चौरसाकडे वळल्या, आणि काही वर्षांनी निगेटिव्हचा काळा काठही प्रिंटमध्ये ठेवू लागल्या. मी काही कापलेलं नाही, हे त्या काठानं सांगायचं. सोयीची चौकट इथे निवडलेली चौकट झाली, आणि माझ्या मते चौरसाचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

थोडं मापांकडे वळू, कारण चौरसाची बरीचशी जादू मापांत आहे. ज्याला ‘६ बाय ६’ म्हणतात ती निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटरची असते. फिल्म सुमारे ६१ मिलिमीटर रुंद, त्यातले दोन्ही काठ सोडायचे. ५६च्या चौरसाचा कर्ण ७९ मिलिमीटर येतो, आणि चौकटीच्या कर्णाएवढी लेन्स ती ‘नॉर्मल’ लेन्स, असा जुना दंडक आहे. या कॅमेऱ्यांवर ७५ किंवा ८० मिलिमीटरची लेन्स दिसते ती त्यामुळे. आता गंमत बघा. ८० मिलिमीटरची लेन्स चौरसावर जेवढी रुंदी दाखवते, तेवढी ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर (त्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची) आडव्या फोटोत ५१ मिलिमीटरची लेन्स दाखवते. पण उंची? तेवढ्या उंचीसाठी त्याच कॅमेऱ्याला ३४ मिलिमीटरची लेन्स लावावी लागेल. म्हणजे एकच लेन्स रुंदीला साधी आणि उंचीला ऐसपैस. चौरस फोटोत डोक्यावर आभाळ आणि पायाखाली जमीन नेहमीपेक्षा जास्त का असते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. नवख्याला ही जादाची जमीन रिकामी वाटते. पण माणूस कशावर उभा आहे हे तीच सांगते, म्हणून तिला नको समजून कापू नये.

आणखी एक हिशेब. लेन्स मुळात गोल चित्र पाडते, चौकोन आपण त्यातून कापून घेतो. त्या गोलात बसणारा सर्वांत मोठा आयत म्हणजे चौरस, तो गोलाचा ६४ टक्के भाग वापरतो. ३ः२ प्रमाणाचा आयत ५९ टक्क्यांवर थांबतो.

या कॅमेऱ्यांत लागणारा ‘१२०’ नावाचा फिल्मचा रोल कोडॅकनं १९०१मध्ये काढला आणि तो आजही मिळतो. त्याच्या पाठीमागच्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात, मधली ओळ चौरसासाठी, १ ते १२. आपल्याकडे ही ओळ हजारो घरांना ओळखीची झाली ती बडोद्यात बनणाऱ्या आगफा क्लिक थ्रीमुळे. मागे लाल काचेची खिडकी, चावी फिरवत राहायची, आकडा खिडकीत आला की थांबायचं. काळ्या पानांच्या जुन्या आल्बममधले, चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेले, वर जाळीचा बटरपेपर असलेले सव्वादोन इंची चौरस फोटो निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असत. मोठं करायचा खर्च नको, आणि हातात धरून बघायला तेवढा आकार पुरतो.

त्या कॅमेऱ्यात शटर आणि फिल्म सरकवायची चावी यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. फोटो काढून चावी फिरवायला विसरलं की त्याच चौकटीवर दुसरा फोटो चढायचा. दोनदा फिरवली तर एक चौकट कोरी जायची. यावर नियम एकच, आणि तो कधी मोडायचा नाही: शटर दाबलं की लगेच पुढचा आकडा आणायचा, ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. लाल खिडकीचंही तसंच. लाल उजेड ज्यांना कळत नाही अशा जुन्या फिल्मसाठी ती योजना होती. आजच्या कृष्णधवल आणि रंगीत फिल्मला लाल रंग दिसतो. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि फक्त फिल्म सरकवताना, तेही सावलीत, उचलावी. नाहीतर मागच्या कागदावरचे आकडे फोटोत भुतासारखे उमटतात.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात रोल घालायचा तर भरलेली रीळ खाली, रिकामी वर. कागदाची जीभ वरच्या रिळाच्या लांब खाचेत पुरती घुसवायची, एक-दोन वेढे सरळ बसले का ते बघायचं. एका बाजूला जरा जरी कललं तरी रोल शेवटी शंकूसारखा गुंडाळला जातो. मग खालच्या रिळावर अंगठा हलका टेकवून ताण ठेवायचा आणि कागदावरचा आडवा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेला येईपर्यंत फिरवायचं, झाकण लावायचं, पुढे पहिल्या आकड्यावर कॅमेरा स्वतः अडतो. वरच्या दर्जाच्या रोलायफ्लेक्समध्ये अशी खूण नसते. तिथे कागद दोन बारीक रुळांच्या मधून ओवावा लागतो, आणि कागदानंतर फिल्म सुरू झाली की वाढलेली जाडी ते रूळ ओळखतात. कागद रुळांच्या वरून गेला तर कॅमेऱ्याला फिल्म आल्याचं कळतच नाही, आणि अख्खा रोल न अडता गुंडाळून संपतो. मी तरी हा रोल घालताना कोणाशी बोलू नये असंच सांगेन.

बारावा फोटो झाला की कागद सुटल्याचं हाताला जाणवेपर्यंत फिरवायचं. झाकण सावलीत उघडायचं, रोल बाहेर येताच बोटांनी आवळून पट्टी चिकटवायची. सैल राहिला तर कडेनं उजेड आत शिरतो आणि निगेटिव्हच्या दोन्ही काठांवर काळे ओघळ येतात, प्रिंटमध्ये ते पांढरे दिसतात. चौरसात ही चूक जास्त बोचते, कारण इथे कडेचा भाग कापून टाकायची सोय नाही. कापलं तर चौरस राहत नाही.

जवळून फोटो काढताना दुसरी अडचण. बघायची लेन्स वर, फोटो घेणारी खाली, दोन्हींत सुमारे चार सेंटिमीटरचं अंतर. लांबच्या दृश्यात ते कळत नाही. मीटरभरावरच्या चेहऱ्यात मात्र काचेवर पूर्ण दिसलेलं कपाळ फोटोत वरून कापलं जातं. रोलायफ्लेक्सच्या काचेखाली सरकती चौकट आहे, ती हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. स्वस्त कॅमेऱ्यांत तशी सोय नाही. तिथे स्टँडवर नेम धरून झाला की मधला दांडा तेवढेच चार सेंटिमीटर वर उचलायचा आणि मग शटर दाबायचं. स्टँड नसेल तर डोक्यावर जागा जास्त सोडायची.

धुवून वाळलेल्या बारा चौकटी तीन-तीनच्या चार पट्ट्यांत कापल्या की ८ बाय १० इंचाच्या एकाच कागदावर नेमक्या मावतात. अख्खा रोल एका नजरेत दिसतो. बारा खिडक्यांची ती इमारत मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: चौरसात असं काय आहे?

आडवा आयत हातात आला की नजर आपोआप डावीकडून उजवीकडे चालू लागते. उभा आयत वर-खाली नेतो. विषय काहीही असो, चौकट आधीच काहीतरी बोलून बसलेली असते. चौरस बोलत नाही. तो ना आडवा, ना उभा. नजरेला जायला वाट हवी असेल, तर ती आतल्या वस्तूंनीच द्यावी लागते, आणि वस्तूंनी दिली नाही तर नजर मधल्या भागात गोल फिरत राहते. म्हणूनच चौरसात वाईट फोटो लगेच उघडा पडतो आणि चांगल्या फोटोतून नजर निघत नाही.

यातून काही रोजच्या वापरातल्या गोष्टी निघतात. विषय एक तृतीयांशावर ठेवा, मधोमध ठेवू नका, हा शिकवणीतला नियम आयतासाठी आहे. चौरसात मध्य हे हक्काचं ठिकाण आहे. मात्र मध्यात ठेवलेली वस्तू लहान असली आणि भोवती काही घडत नसलं, की झाला अमेरिकी व्हिसाचा दोन बाय दोन इंची फोटो. मधोमध ठेवायचं तर भरपूर मोठं ठेवावं, नाहीतर भोवतालच्या जागेला काम द्यावं. उभा माणूस पूर्ण घेतला की दोन्ही बाजूंना दोन रिकामे खांब उरतात. ते खांब त्याच्या दुकानानं, दारानं, मशीननं, भिंतीवरच्या कॅलेंडरनं भरले पाहिजेत. माणूस आणि त्याची जागा एकत्र दाखवायची असेल तर चौरसासारखी चौकट नाही, ती या सक्तीमुळेच. फोटोग्राफर दयानिता सिंग यांनी हॅसलब्लाड या चौरस निगेटिव्हच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या घरांतल्या माणसांचे चौरस पाहावेत. खोली तिथे माणसाइतकीच बोलते.

क्षितिज बरोबर मधोमध आलं की चौरसाचे दोन सारखे आडवे पट्टे होतात आणि फोटो दुभंगतो. नदीच्या घाटाचं किंवा तळ्यातल्या देवळाचं प्रतिबिंब असेल तर हाच दोष गुण होतो. एरवी क्षितिज खालच्या पाव भागावर आणावं. तिरप्या रेषांचं आणखी वेगळं. चौरसाचा कर्ण ४५ अंशांचा, ३ः२च्या आयताचा जेमतेम ३४ अंशांचा. त्यामुळे कोकणातल्या उतरत्या कौलांचा कोपरा, भिंतीला टेकवलेली शिडी, किल्ल्याच्या खड्या पायऱ्या आडव्या फोटोत अवघडतात आणि चौरसात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून बसतात. पाच माणसं एका ओळीत उभी करू नयेत. तिघं मागे, दोघं पुढे बसलेले, म्हणजे चौकट भरते.

आणि कोपरे. चौरसाच्या चारही कडा मध्यापासून सारख्या अंतरावर, म्हणून एखाद्या कोपऱ्यातला पांढरा डाग, अर्धवट आलेलं चाक, पिशवीचा बंद नजरेला तितक्याच जोरानं ओढतो. शटर दाबण्याआधी चारी कोपऱ्यांवरून नजरेची एक प्रदक्षिणा घालावी. दोन सेकंद लागतात.

कोपऱ्यांचं महत्त्व ताटाच्या फोटोत सर्वांत स्पष्ट कळतं. वरून घेतलेलं गोल ताट चौरसात बसवलं की चौरसाचं साधारण २१ टक्के क्षेत्रफळ चार कोपऱ्यांत वाटलं जातं, प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आसपास. हे चार त्रिकोणी तुकडे मोकळे सोडायचे, की एका कोपऱ्यात तांब्या ठेवायचा आणि समोरच्या कोपऱ्यात लोणच्याची वाटी? चारही भरले तर गर्दी होते. कर्णावरचे दोन भरले तर ताट फिरल्यासारखं वाटतं. ताटाची कड चौकटीला नुसती टेकवू मात्र नये. टेकलेल्या जागी चिमटा बसल्यासारखं होतं. एकतर चौकटीच्या विसाव्या भागाएवढी तरी जागा सोडावी, नाहीतर सरळ कापून टाकावं.

गोल आणि चौरस यांचा हाच प्रश्न चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी आयुष्याचा उत्तरार्ध खर्चून सोडवला. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले रझा पुढे पॅरिसला गेले. लहानपणी मध्य प्रदेशातल्या शाळेत गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत बसायला लावलं होतं, तो ठिपका बिंदू होऊन परत आला. चौरस कॅनव्हासवर काळा बिंदू ठेवला, तर चारी कडांपासून सारखा ताण मिळतो आणि तो जागचा हलत नाही. पण मग कोपरे ओस पडतात. रझा तिथे पट्टे आणतात, त्रिकोण आणतात, चौकटीच्या आत आणखी चौकटी रचतात. बिंदू स्थिर राहावा म्हणून कडेला एवढी हालचाल चाललेली असते. त्यांचं १९८३चं ‘सौराष्ट्र’ २०० बाय २०० सेंटिमीटरचं आहे, आणि त्यात तर एका चौरसाच्या पोटात कितीतरी चौकोनी खण मावले आहेत. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे नंतरचे कॅनव्हास बहुतेक उभे आहेत, आणि त्यांत रंग सावकाश खाली उतरत राहतो. ती उतरण चौरसात झाली नसती.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९५०पासून १९७६मध्ये वारेपर्यंत चौरसात चौरस एवढा एकच विषय हजाराहून जास्त वेळा रंगवला. त्यांचे आतले चौरस मधोमध नसतात, खाली सरकलेले असतात. खाली एक भाग जागा सोडली, तर बाजूंना दोन, वर तीन. या एका सरकवण्यानं सपाट चौरसाला वजन आलं. ते हार्डबोर्डावर पांढऱ्या अस्तराचे थर देऊन ट्यूबमधला रंग न मिसळता सुरीनं लावायचे, बहुधा मधल्या चौरसापासून बाहेरच्या दिशेनं, आणि वापरलेल्या प्रत्येक रंगाचं आणि कंपनीचं नाव पाठीमागे लिहून ठेवायचे.

आपल्याकडे डहाणू, तलासरी, जव्हारच्या पट्ट्यातला वारल्यांचा लग्नचौक या सगळ्यांच्या आधीचा. शेणमातीनं सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, हातात टोक चावून कुंचल्यासारखी केलेली काडी. लग्नघरच्या सवाशिणी आधी चौक आखतात. वारली चित्रात वर्तुळ सूर्यचंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगर-झाडांवरून, पण चौकोन माणसानं केला, पवित्र जागा वेगळी काढण्यासाठी, असं सांगितलं जातं. चौकाच्या काठांवर नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढत जातात, साखळ्या, दातेरी रेघा, आणि मध्ये पालघट देवी. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. बाहेर भिंतभर झाडं, नाच, जनावरं मोकळी पसरलेली असतात, त्यांना चौकट नाही. चौकाच्या आत मात्र जागा एकदम घट्ट होते. फोटोतल्या काठाकडे कसं बघावं हे शिकायचं असेल तर हा चौक समोर ठेवावा. रेघ ओढली म्हणजे काठ झाला असं वारली बाई मानत नाही. देवीला आत ठेवण्याइतका तो जाड व्हावा लागतो.

चौरस प्रत्यक्ष बनवताना मात्र तो मुळीच दयामाया दाखवत नाही. ६० बाय ८० सेंटिमीटरचा कॅनव्हास सेंटिमीटरभर चुकला तर कोणाला कळत नाही, कारण आयताच्या बाजू किती असाव्यात हे डोळ्याला ठाऊक नसतं. चौरसाच्या मात्र ठाऊक असतात. ६० बाय ६१चा कॅनव्हास आयत वाटत नाही, बिघडलेला चौरस वाटतो. म्हणून सुतारानं पट्ट्या जोडल्या की नुसता गुण्या लावून थांबू नये. दोन्ही कर्ण टेपनं मोजावेत. ६०च्या चौरसाचा कर्ण ८४.९ सेंटिमीटर. दोन कर्णांत दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, पुढे लांब कर्णाचा कोपरा हलक्या हातानं ठोकून चौकट गुण्यात आणायची आणि मगच कापड ताणायचं. ताणताना एक बाजू पूर्ण करून दुसरीला गेलं की कापड चौकट ओढून तिचा पतंग करतं. समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा मारत, मग कोपऱ्यांकडे सरकावं. एवढं करूनही बरोबर चौरस डोळ्याला किंचित उंच वाटतो, हा दृष्टीचा जुना भ्रम आहे. त्याच्या नादानं उंची कमी करायला जाऊ नये. चित्रकार अॅग्नेस मार्टिन यांनी ७२ इंची चौरस कॅनव्हासवर पेन्सिलीनं जाळ्या आखल्या, पण जाळीतली घरं जाणूनबुजून थोडी लांबट ठेवली. चौरसाचा कडकपणा त्या घरांनी उतरवला.

चौरसाचं आणखी एक वैशिष्ट्य चंद्रापाशी दिसलं. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८मधून विल्यम अँडर्स यांनी हॅसलब्लाडवर २५० मिलिमीटरची लेन्स लावून उगवत्या पृथ्वीचा रंगीत फोटो घेतला. त्यांच्या चौकटीत चंद्राची कड उभी होती, उजव्या अंगाला. आपण जो फोटो ओळखतो त्यात ती खाली आडवी आहे, कारण छापताना चित्र पाव फेरा फिरवलं गेलं. वर-खाली नसलेल्या जागी काढलेलं चित्र चौरसात होतं म्हणून एक कणही न कापता फिरवता आलं. चौरसाला चार माथे असतात.

फोनवर चौरस फार लोकांना भेटला तो इन्स्टाग्राममुळे. ऑक्टोबर २०१०मध्ये ते सुरू झालं तेव्हा चौरसाशिवाय काही चालतच नव्हतं. ऑगस्ट २०१५मध्ये आडव्या-उभ्याला परवानगी मिळाली, आणि २०२५मध्ये तर प्रोफाइलची जाळीही उभी झाली. मला यात वाईट वाटत नाही. सक्ती गेली, आता जो चौरस काढतो तो हवा म्हणून काढतो. आर्बस यांच्या हातीही सोयीची चौकट अशीच निवडलेली चौकट झाली होती.

फोनमध्ये चौरस हा फोटोचा कापलेला तुकडाच असतो. १२ मेगापिक्सेलचा ४०३२ बाय ३०२४चा फोटो चौरस केला की ३०२४ बाय ३०२४ उरतो, साधारण ९ मेगापिक्सेल. पाव भाग गेला. तरी ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १० इंची प्रिंट निर्धास्त निघते. कॅमेऱ्यात ३ः२ असेल तर तिसरा हिस्सा जातो. तरीही नंतर कापण्यापेक्षा आधीच १ः१ लावून बघत काढावं असं माझं ठाम मत आहे. नंतर कापताना आपण आयतातला वाया गेलेला भाग वाचवत बसतो, चौरस रचत नाही. काही फोनमध्ये बाहेरचा भाग नंतर परत मिळतो, काहींत कायमचा जातो, ते आपल्या फोनवर एकदा तपासून घ्यावं. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चौरस काढायचा तर ५०ची लेन्स जरा लांब पडते. २४ बाय २४च्या तुकड्याचा कर्ण ३४ मिलिमीटर, म्हणून ३५ची लेन्स तिथे नॉर्मल होते. आणि फोन छातीशी आणून, पडदा वरून बघत धरला, तर कमरेच्या कॅमेऱ्याची उंची मिळते. बसलेली माणसं आणि मुलं समोरासमोर येतात. फोन सरळ राहिला तर भिंतींच्या रेषाही उभ्याच राहतात.

प्रिंट काढताना चौरसाचा घात बहुतेक वेळा लॅबमधल्या मशीनवर होतो. ४ बाय ६च्या कागदावर चौरस पाठवला की मशीन कागद भरायला बघतं आणि फोटो दोन बाजूंनी कापतं. त्यासाठी १२०० बाय १८०० पिक्सेलची पांढरी फाइल घ्यावी, तिच्यात १०५० बाय १०५०चा फोटो बसवावा. डावी-उजवीकडे ७५, वर ३००, खाली ४५०. आता फाइल कागदाच्याच मापाची, कापायला काही उरत नाही. बाजूचा पांढरा काठ याहून बारीक ठेवू नये. कागद मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे कापला जातो आणि बारीक काठ लगेच वाकडा दिसतो.

फ्रेमच्या आतल्या माउंटलाही, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदाच्या चौकटीलाही, खाली जास्त जागा लागते. २० सेंटिमीटरची चौरस खिडकी असेल तर वर आणि बाजूंना ६, खाली साडेसात. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र भिंतीवर खाली घसरल्यासारखं दिसतं. भिंतीवर चार चौरस एकत्र लावायचे असतील तर मधलं अंतर माउंटच्या बाजूपेक्षा कमी ठेवावं, ४ सेंटिमीटर पुरे. जास्त झालं की चारांचा एक गट न राहता चार वेगळी चित्रं होतात.

आणि फ्रेम बंद करण्याआधी प्रिंट उलटी करून वरच्या कडेशी एक बाण काढावा. फायबर कागदावर मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे बारीक मार्कर, शाई पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी प्रिंट वर ठेवायची नाही. बाणाशेजारी रोल आणि चौकटीचा आकडा. धुक्याचा, पाण्याचा, नुसत्या भिंतीचा फोटो असेल तर हा बाण विसरू नये, कारण पाच वर्षांनी तो डब्यातून निघेल तेव्हा चारही बाजूंनी तितकाच बरोबर दिसेल.